राज्य केलं की राखलं?

बाई, तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले आणि मी तुमच्यावर संशय घेते आहे.

अशी सुरुवात करू नये हे मला कळतं. या आठवड्यात मी चारपाच स्मृतिलेख वाचून पाहिले. त्यांतली गेलेली माणसं फार मायाळू असतात. तुम्ही मायाळू नव्हतात. ते लेख मी तुम्हाला वाचून दाखवले असते, तर तुम्ही भिंग टेबलावर ठेवून म्हणाला असतात, "एवढी चांगली माणसं जिवंतपणी कुठे लपून बसतात गं?"

माझ्यासमोर तुमच्या पुस्तकाची शेवटची प्रुफं आहेत. शुक्रवारी ती प्रकाशकाकडे परत जायला हवीत. चौथ्या प्रकरणात दोन ओळींची एक ओवी आहे आणि अख्खं पुस्तक त्या दोन ओळींवर उभं आहे. ती ओवी तुम्हाला खरंच कोणी गाऊन दाखवली, की तुम्ही स्वतःच रचलीत, एवढाच प्रश्न होता. रचलेली असेल तर ते प्रकरण काढावं लागणार, आणि ते काढलं तर पुस्तकात तुमचा राग तेवढा उरणार. हे ठरवायचं काम तुमच्या भाचीने माझ्याकडे दिलं. "सगळं तूच टाइप केलंयस ना? मग तुलाच माहीत," म्हणाली.

मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त टाइप करत होते.

धायरीत आमच्या सोसायटीत तुम्ही तिसऱ्या मजल्यावर, आम्ही पाचव्या. तुमचे डोळे अधू झाल्यावर आईने लिफ्टमध्ये मला परस्पर देऊन टाकलं. "आमची करेल की टाइप. शनिवार-रविवार घरीच असते, कोणाशी बोलत नाही." पहिल्या शनिवारी मी तुमच्या दारात उभी राहून म्हटलं, "गुड मॉर्निंग, मॅम." तुम्ही साखळी न काढता फटीतून पाहिलंत.

"मॅम इथे राहत नाहीत. बाई राहतात. यायचं असेल तर चपला बाहेर."

आत आल्यावर विचारलंत, "मराठी येतं?"

"बोलता येतं."

"ते टीव्हीलाही येतं."

मी परत जाणारच होते. तेवढ्यात तुम्ही विचारलंत की कंपनीत करतेस काय. मी म्हटलं, टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या प्रोग्रॅममध्ये चुका शोधते. तेव्हा पहिल्यांदा तुमचा चेहरा सैल झाला. "मग आपण एकाच धंद्यातल्या," म्हणालात आणि स्वतःची खुर्ची सोडून मला दिलीत, कारण कीबोर्ड तिथेच होता.

तुम्ही कशावरच विश्वास ठेवत नव्हतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख, सोसायटीची नोटीस आणि जुना ताम्रपट तुम्ही एकाच भिंगातून वाचायचात. कोणतंही वाक्य आलं की विचारायचात, हे कोणी लिहिलं आणि लिहिताना खोलीत कोण नव्हतं. बहुतेक वेळा खोलीत बाई नसायची. मला हे नवीन होतं. आमच्या शाळेत इतिहास म्हणजे ठळक अक्षरात छापलेली उत्तरं. राण्या होत्या, पण सगळ्या इंग्लंडच्या. वैजादेवी हे नाव मी तुमच्याकडे पहिल्यांदा ऐकलं, आणि टाइप करताना तीनदा चुकवलं.

ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. काही शतकांपूर्वीचं, घाटमाथ्यावरचं एक छोटं राज्य. राजा लढाईत मेला, दीर गादी मागायला आला आणि वैजादेवीने ती दिली नाही. इथपर्यंत सगळ्यांना मान्य आहे. पुढे भांडण आहे. ती स्वतःच्या हक्काने गादीवर बसली, की लहान मुलगा मोठा होईपर्यंत नुसती सांभाळत होती? तिच्या नावाचा एकच शिलालेख आहे आणि तो नेमका मध्येच फुटलेला. "वैजादेवी", मग फुटलेली जागा, मग "राज्य करीत असतां". ज्या प्राध्यापकांनी तो पहिल्यांदा छापला, त्यांनी त्या रिकाम्या जागेत चौकोनी कंस घालून तीन शब्द भरले: आपल्या पुत्राच्या वतीने. हा पुत्र दुसरीकडे कुठेही भेटत नाही.

"दगड फुटला आणि विद्वानांना मुलगा झाला," तुम्ही म्हणालात. मी ते टाइप केलं. "हे नको गं, हे तुला सांगितलं," म्हणालात.

त्या प्राध्यापकांना तुम्ही कंसमामा म्हणायचात. दोन महिने मी ते त्यांचं आडनाव समजत होते. एकदा तर दुसऱ्या प्रकरणात "श्री. कंसमामा यांच्या मते" असं टाइप करून तुम्हाला वाचून दाखवलं. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात. पाणी प्यायलात आणि पुन्हा हसलात.

"अगं, कंस म्हणजे तुझं ते ब्रॅकेट. आणि कंस म्हणजे तोही, कृष्णाचा मामा. फक्त आमचा उलटा आहे. तो बहिणीची मुलं मारायचा, हा बाईला नसलेली मुलं देतो."

मी घरी जाऊन एकटीच हसले. एका शब्दाला दोन तोंडं असू शकतात आणि दोन्ही एकदम बोलू शकतात, हे मला तोपर्यंत फक्त इंग्रजीत ठाऊक होतं. ते तुम्ही मला माझ्याच भाषेत दिलंत. याचे आभार मी मानले नाहीत. आता मानते, संशय बाजूला ठेवून नाही, संशयासकट.

तुमचं पुस्तक वैजादेवीबद्दल होतं, पण खरं म्हणजे तिच्याबद्दल बायकांनी काय लिहिलं त्याबद्दल होतं. कोणा सुनेने वहीत उतरवलेलं आख्यान, जुन्या मासिकांत बायकांनी घातलेले वाद, एका शिक्षिकेने मुलींसाठी लिहिलेलं छोटं नाटक. या सगळ्यांत वैजादेवी गादीवर बसते आणि कोणाच्या वतीने बसत नाही. कंसमामांचं म्हणणं, ही सगळी अलीकडची हौस. तुम्हाला जुना पुरावा हवा होता. तो म्हणजे ही ओवी. "लेखणी दिली नाही म्हणून बायका लिहीत नव्हत्या असं नाही," तुम्ही सांगितलंत आणि हे मात्र टाइप करायला लावलंत. "त्या दळताना लिहीत होत्या."

ओवी तुम्ही पाठ म्हणालात. गाऊन नाही, सरळ.

वैजाई राज्य करी, गडावर गं एकली
दिराच्या पालखीला वेस नाही उघडली

"करी," तुम्ही टेबलावर बोट आपटलंत. "आणि एकली. घाल म्हणावं आता कंस." मग खालची नोंद सांगितलीत. शेवंताबाई, लोणी काळभोरच्या पुढची वाडी, आणि वहीचा क्रमांक. तुमच्या वह्या नव्वदच्या वर होत्या, प्रत्येकीच्या पुठ्ठ्यावर आकडा. मी ऐकलं तसं टाइप केलं.

आणि मग मी तोंड उघडलं. मी सहसा उघडत नाही.

"बाई, ही ओवी त्या फुटलेल्या जागेत इतकी बरोबर कशी बसते?"

"म्हणजे?"

"म्हणजे, आमच्याकडे एखादी टेस्ट पहिल्याच फटक्यात पास झाली की आम्ही ती पुन्हा चालवतो."

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत. डोळे अधू असलेल्या माणसाचं पाहणं जास्त जड असतं.

"तू कोणाच्या बाजूची आहेस?"

मी म्हणायला हवं होतं की मी कोणाच्याच बाजूची नाही, तुम्हीच असं शिकवलंत. मी म्हटलं, "सॉरी बाई."

"चहा झाला असेल तर नीघ."

पुढचे दोन शनिवार तुम्ही मला बोलावलं नाहीत. तिसऱ्या शनिवारी वॉचमनकाकांकडून निरोप आला, "ये म्हणावं." मी आले. पाचवं प्रकरण सुरू झालं. त्या प्रश्नाबद्दल तुम्ही बोलला नाहीत आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कंपनीच्या कामाला बेंगळुरूला होते. त्याबद्दल याहून जास्त लिहिणार नाही.

मी परत आल्यावर कंसमामांचा फोन आला. नंबर भाचीने दिला होता. आवाज इतका म्हातारा आणि मऊ होता की मला फसवलं गेल्यासारखं वाटलं. तुमच्या बोलण्यातून मी वेगळा माणूस तयार केला होता.

"त्या गेल्या, माझं भांडायचं माणूस गेलं," ते म्हणाले. "पण बेटा, त्या ओवीची मूळ नोंद तू डोळ्यांनी पाहिली आहेस का? पुस्तक आलं की मी परीक्षण लिहिणार. त्या नाहीत म्हणून सौम्य लिहिणार नाही. त्यांना तो अपमान वाटला असता."

मी म्हटलं, बघून सांगते. भाचीकडून किल्ली घेऊन तुमच्या घरी गेले. लोखंडी कपाटातल्या वह्या तुम्ही क्रमाने लावल्या होत्या. प्रुफातला आकडा होता ७९. एकोणऐंशीव्या वहीत मंगळागौरीचे खेळ होते आणि उखाणे. मी पान न् पान पाहिलं. आधीची वही पाहिली, नंतरची पाहिली. शेवंताबाई नाही. वैजाई नाही.

मग मी तुमच्याच पद्धतीने विचार करायला बसले. कोणी लिहिलं? तुम्ही. लिहिताना खोलीत कोण नव्हतं? शेवंताबाई. ओवी पाठ होती तुम्हाला, वही न उघडता म्हणालात. माझ्या प्रश्नाचा राग आला. राग खोट्यालाच येतो असं नाही, पण खोट्यालाही येतो. एकेक शनिवार आठवून मी तपासू लागले. तुमचं हसणंसुद्धा मला मुद्दाम वाटायला लागलं. माझ्यावर काम का सोपवलंत, वाडीवर पूर्वी तुमच्याबरोबर गेलेल्या बायका असतील, त्यांना का नाही? तीन दिवस मी अशी होते. ऑफिसात मला कोणी विचारलं असतं की काय झालं, तर मी सांगितलं असतं की माझ्या जवळचं माणूस वारलं. कसं वारलं हे सांगता आलं नसतं.

चौथ्या दिवशी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी फोनवर भाचीला म्हणत होते की एकोणसत्तर नंबरची वही नीट पाहिली, सेव्हंटी-नाइन, त्यात काही नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "यांतली नेमकी कुठली पाहिलीस?"

"म्हणजे?"

"एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी-नाइन. सेव्हंटी-नाइन म्हणजे एकोणऐंशी."

"पण एकोणसत्तरमध्ये सत्तर आहे ना? सत्तर आणि नऊ."

"सत्तरला एक कमी, म्हणून एकोणसत्तर." तिने मेथीची जुडी खाली ठेवली. "कोणी मराठीत फोन नंबर सांगितला की माझ्याकडे बघतेस, तेव्हाच कळायला हवं होतं मला. बाईंनी सांगितलं काय आणि तू लिहिलंस काय?"

तुम्ही एकोणसत्तर म्हणाला होतात. ते मला त्याच क्षणी कानात ऐकू आलं, तुमचा स्पष्ट ण सुद्धा. मी ७९ टाइप केलं होतं. सगळ्या इंग्रजी शाळेतल्या मुली करतात तीच चूक, आणि तिच्यावर मी तीन दिवस तुम्हाला खोटारडं ठरवत होते.

चपला घालायचंही मला सुचलं नाही. तशीच जिन्याने खाली आले.

एकोणसत्तरावी वही. अर्ध्यात, आडव्या पानावर, तुमचं घाईचं अक्षर. शेवंताबाई, वाडी, आणि ओवी. ती ओवी तुम्ही रचलेली नव्हती. मी तुमच्या खुर्चीवर बसले आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

मग डोळे पुसून ओवी पुन्हा वाचली, कारण एकदा पास झालेली टेस्ट पुन्हा चालवायची असते.

पेन्सिलीने लिहिलं होतं, "वैजाई राज्य राखी". त्या "राखी"वर शाईने काट मारून वर "करी" लिहिलं होतं. आणि समासात, बारीक अक्षरात:

"पहिल्यांदा राखी म्हणाली. पुन्हा म्हणायला लावलं तर करी. तिसऱ्यांदा परत राखी. यातलं खरं कोणतं, विचारलं. हसली. म्हणाली, 'राखल्याबिगर राज्य करता येतं व्हय, बाई?'"

बाई, हे वाक्य तुमच्या अख्ख्या पुस्तकात कुठे नाही. मी सगळं टाइप केलंय, मला माहीत आहे. पुस्तकातलं सगळ्यात शहाणं वाक्य तुम्ही वहीतच ठेवलंत. का, हे मला कळतं. "राखी" म्हटलं की कंसमामा विचारणार, कोणासाठी राखी? आणि पुन्हा त्यांचा तो मुलगा रांगत येणार. म्हणून तुम्ही तीन वेळांतली मधली एक वेळ घेतलीत आणि तेवढीच छापायला दिलीत. ज्या बाईला दगडात जागा नव्हती, तिला जागा देण्यासाठी तुम्ही दुसऱ्या बाईचं बोलणं अडवलंत. खोलीत कोण नव्हतं? या वेळी शेवंताबाई खोलीत होती. समोर बसून बोलत होती.

मला तुमचा राग आला, आणि बरं वाटलं. मेलेल्या माणसाचा राग येईपर्यंत ते माणूस नीटसं आपलं होत नसावं.

मी असं ठरवलं. प्रकरण राहील. ओवी तिन्ही वेळा छापली जाईल, शेवंताबाईने ज्या क्रमाने म्हटली त्या क्रमाने. खाली टिपेत तिचं वाक्य, तिच्या बोलीत, न सुधारता. टिपेखाली माझी आद्याक्षरं, म्हणजे ही टीप तुमची आहे असं कोणाला वाटायला नको. आणि तुम्ही खालच्या परिच्छेदात "करी" या शब्दावर जे दीड पान लिहिलंय, ते तसंच ठेवलंय. ते चुकलंय असं मला वाटतं. पण ते तुमचं आहे आणि चांगलं लिहिलंय.

प्रकाशकाला कळवण्याआधी कंसमामांना फोन केला.

"सर, नोंद सापडली. खरी आहे. पण एकदा करी आहे आणि दोनदा राखी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "राखी! मी इतकी वर्षं काय सांगत होतो? राखणं म्हणजे दुसऱ्यासाठी..."

"सर, एकली तिन्ही वेळा आहे."

"एकली?"

"मुलगा एकदाही आलेला नाही," मी म्हटलं. मग शेवंताबाईचं वाक्य वाचून दाखवलं. माझ्या तोंडी ते "व्हय" फारच विचित्र लागलं असणार.

ते म्हणाले, "हे बाईंनी मला दाखवलं का नाही?"

"मलाही नाही दाखवलं."

"हं. तू त्यांची विद्यार्थिनी?"

"नाही सर. टायपिस्ट."

आता जे उरलंय ते फक्त तुम्हाला सांगायचं आहे. तुम्ही जाण्याच्या आधीच्या महिन्यात तुम्ही स्वतः प्रुफं तपासली होतीत, भिंग आणि तांबडं पेन घेऊन. ओवीच्या त्या पानावर तुमच्या पाच खुणा आहेत. "शेवंताबाई"मधली माझी ऱ्हस्व इ तुम्ही दीर्घ केली आहे. "वाडी"नंतरचा स्वल्पविराम तुम्ही घातला आहे. त्याच ओळीत, स्वल्पविरामाच्या पुढे, वही क्रमांक ७९ आहे. त्याला हात लावलेला नाही.

अधू डोळ्यांना सहा आणि सात सारखे दिसू शकतात. मी तसं धरून चालू शकते, आणि मला तसंच धरायचं आहे. पण तुम्हाला स्वल्पविराम दिसला, बाई. नसलेला स्वल्पविराम दिसला. म्हणजे माझी चूक तुम्ही पाहिलीत आणि ती तुमच्या सोयीची वाटली, असं झालं का? कोणी शोधायला गेलंच तर उखाणे सापडतील, शेवंताबाई सापडणार नाही. आणि लिफ्टमध्ये आई म्हणाली होती, कोणाशी बोलत नाही. त्या एका गोष्टीसाठी तुम्ही दाराची साखळी काढलीत का? की ते दोन शनिवार तुम्ही एकट्या बसून माझ्या प्रश्नाचं उत्तर तयार करत होतात, आणि ते द्यायला वेळ पुरला नाही? तुम्हीच शिकवलेल्या सगळ्या रीतींनी मी विचार करून पाहिला. दोन्ही बाजूंना पुरावा सारखाच येतो.

तुमची भाची सगळ्या वह्या एका संस्थेला देते आहे, वाचायला येणाऱ्या कोणालाही उघड्या राहतील अशा अटीवर. आज दुपारी मी ७९ खोडलं आणि समासात ६९ लिहिलं. मग शंका नको म्हणून अक्षरातही लिहिलं. आता कोणालाही ती वही सापडेल, आणि काट मारलेला तो शब्दही दिसेल. मला तुमच्यासाठी भीती वाटते आहे, बाई. प्रुफांचं पाकीट मी चिकटवलं आहे.